मांजर उंबरठ्याच्या आत की बाहेर?

वैशाखात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे सरकतो आणि राजाबाजार-सराफ्यापासून सिडको-गारखेड्यापर्यंत श्रावकांच्या गच्च्यांवर मातीची परळे मांडली जातात. एका परळात पाणी, दुसऱ्यात ज्वारी-बाजरीचे दाणे. चिमण्या, साळुंक्या, होले तेथे उतरतात. वडीलधारी मंडळी सकाळी देवदर्शनाहून परतली की आधी ती परळे भरतात आणि मगच स्वतःच्या न्याहारीकडे वळतात. जीवदयेचा हा संस्कार मुलांना निराळा शिकवावा लागत नाही. पाहता पाहता तो अंगी उतरतो.

अशाच एखाद्या घरी पावसाळ्याच्या रात्री भिजलेले मांजराचे पिल्लू येते. नात त्याला ओढणीत गुंडाळून आणते, आजी वाटीभर दूध पुढे करतात आणि महिन्याभरात ते घरचे होऊन जाते. पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी परळापाशी पिसे विखुरलेली दिसतात. पाण्याच्या टाकीआड तेच मांजर पंजे चाटीत बसलेले असते. घरात त्या दिवशी कोणाला जेवण गोड लागत नाही.

आजी म्हणतात, "याला आजच्या आज लांब कुठे तरी सोडून या." नात रडवेली होऊन विचारते, "आजी, ते मुद्दाम थोडेच करते? त्याचा स्वभावच तसा आहे ना?" वडील तोड काढतात, "आता दार लावून घेत जाऊ, बाहेर जाऊच द्यायचे नाही." त्यावर आईचा प्रश्न येतो, "म्हणजे जन्मभर कोंडायचे? तेही पापच की!"

चौघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच मांजर आत ठेवावे की बाहेर सोडावे, हा प्रश्न जैन घरात केवळ सोयीचा राहत नाही. तो आचाराचा होतो.

शास्त्रांनी हा प्रश्न नजरेआड केलेला नाही. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असलेले पंधरा कर्मादान सांगितले. त्यांपैकी असतीपोषण समजावताना धनासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांची त्यांनी जी नावे दिली, त्यांत मैना, पोपट, कुत्रा, कोंबडा व मोर यांच्याबरोबर मांजरही आहे. दिगंबर परंपरेतील कार्तिकेयानुप्रेक्षेत अनर्थदंडाच्या विवेचनात मांजरादी हिंस्र प्राणी बाळगणे हे शस्त्रे विकण्याच्या पंक्तीला बसवले आहे. दोन्ही परंपरांनी मांजराचे नाव घेऊन श्रावकाला सावध केले, ही गोष्ट लहान नव्हे.

यामागे मांजराविषयी तिरस्कार मुळीच नाही. मांजर हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच जीव आहे. त्यालाही सुखदुःख आहे, भय आहे, माया आहे. शिकार हा त्याचा जन्मजात धर्म असल्याने ज्याने ते हौसेने पाळले आणि दार उघडे ठेवले, तो त्या शिकारीत कळत-नकळत सहभागी होतो, एवढाच त्या सावधगिरीचा अर्थ आहे. हिंसा कृत असते, कारित असते आणि अनुमोदितही असते. परळात दाणे टाकून पक्ष्यांना बोलवायचे आणि त्याच गच्चीवर मांजरालाही मोकळे सोडायचे, तर त्या दाण्यांचे पुण्य कोणत्या खात्यावर जमा होणार, हा प्रश्न टाळता येत नाही.

मग दार बंद केले की प्रश्न सुटला काय? तसेही नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत बंधाचा अर्थ स्पष्ट केला, तो असा की जीवाला जिकडे जायचे आहे तिकडे जाण्यापासून अडवणे. आईला नेमके हेच टोचत होते. पाचवा अतिचार, अन्न आणि पाणी रोखणे, हा तर या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. पण त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

जैन घरातील मांजर दूध-पोळीवर जगते असा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातून मिळावेच लागते. पुरेसे टॉरिन ते स्वतः तयार करू शकत नाही. धान्य, डाळी, भाज्या यांत ते जवळजवळ नसतेच, आणि दुधातील अंश अपुरा पडतो. टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा निकामी होत जातो, हे 1975 साली संशोधकांनी दाखवून दिले. त्याच कमतरतेने हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते, हे 1987 साली सिद्ध झाले. गाजरातील द्रव्यापासून माणूस अ जीवनसत्त्व बनवतो; मांजराला तेही साधत नाही. शिवाय वयात आलेल्या बऱ्याच मांजरांना दूध नीट पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात.

मग इतकी वर्षे दूध-पोळीवरची मांजरे जगली कशी? ती उरलेले अन्न बाहेर मिळवीत होती. उंदीर, पाली, टोळ, घरट्यातली पिल्ले, उकिरड्यावरचे तुकडे. घरात दुधाची वाटी आणि बाहेर मांसाचे जेवण, असा तो हिशेब होता. दुकानाच्या रोजकीर्दीत न चढवलेली उचल जशी वर्षअखेरीस उघडी पडते, तसे परळापाशी पडलेल्या पिसांनी ते उघडे पडले, एवढेच. दार उघडे ठेवल्याने घर अहिंसक राहत नाही. हिंसा फक्त दृष्टीआड होते.

यातूनच दुसरा धोका समजतो. अन्नाचा विचार न करता नुसते दार बंद केले, तर मांजराची बाहेरची उचल थांबते आणि वाटीत मात्र दूध-पोळीच राहते. काही महिन्यांत ते मलूल होते, वस्तूंवर आपटू लागते, थोडे चालले तरी धापा टाकते. पक्षी वाचतात आणि मांजर हळूहळू मरते. हा उघड अन्नपाननिरोध आहे.

बाहेर मोकळे फिरणारे मांजर किती जीव घेते, याचा अंदाज अमेरिकेतील एका अभ्यासातून येतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अंदाजानुसार त्या देशात मांजरे दरवर्षी 130 ते 400 कोटी पक्षी मारतात. त्यांत बेवारस मांजरांचा वाटा मोठा असला, तरी पाळीव मांजरेही आहेत. पोट भरलेले असले तरी मांजर शिकार करते, कारण झडप घालण्याची प्रेरणा नुसत्या भुकेवर अवलंबून नसते. आपल्या शहरात सलीम अली सरोवर आणि हिमायत बाग यांच्या आसऱ्याने कितीतरी पक्षी वस्तीला आहेत, आणि आसपासच्या घरांतील परळांवर तेच उतरतात.

बाहेरचे जग मांजरालाही सुखाचे नाही. गुलमंडी-सराफ्याच्या जुन्या वस्तीत गच्चीला गच्ची लागून असे आणि मांजर रस्त्यावर न उतरता सारा मोहल्ला फिरून येई. आज जालना रोडवरची किंवा बीड बायपासवरची वाहने पाहिली, म्हणजे मोकळे सोडणे याचा अर्थ काय होतो ते कळते. मोकाट कुत्री, मांजरांच्या आपसातील मारामाऱ्यांतून होणारे संसर्ग, रेबीज, विषारी औषध खाल्लेला उंदीर पोटात जाणे, संक्रांतीच्या दिवसांत पायात गुंतणारा नायलॉन मांजा, हे सारे त्यात आले. नसबंदी न केलेली मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विते. त्या पिल्लांचे पुढे काय होते, हे प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे.

या सर्वांचा विचार करता, जे मांजर घरात आलेलेच आहे त्याने आत राहावे, हेच अधिक जीवांच्या हिताचे आहे. यात बंधाचा दोष लागतो काय, याचे उत्तर त्या आत राहण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. श्वेतांबर टीकाकारांनी निष्कारण, निर्दय बंधन आणि सकारण, दयायुक्त बंधन यांत भेद केला आहे. गुराला बांधावेच लागले, तर आग लागल्यास ते सुटू शकेल अशी सैल गाठ मारावी, इतक्या बारकाव्याने त्यांनी विचार केला. मांजराला आत ठेवतानाही तीच सैल गाठ शोधावी लागते.

ती गाठ काही साध्या गोष्टींची असते. गॅलरीला आणि खिडक्यांना मजबूत जाळी बसवावी. म्हणजे ऊन, वारा आणि पक्ष्यांचे दर्शन मिळते, झडप मात्र घालता येत नाही आणि वरच्या मजल्यावरून पडण्याचे भयही राहत नाही. उंच बसण्यासाठी एखादी फळी, नखे घासण्यासाठी सुतळी गुंडाळलेला खांब आणि लपण्यासाठी खोके द्यावे. विधीसाठी वाळूचे पसरट भांडे ठेवून ते रोज साफ करावे. घरात गर्भवती सून असेल, तर ते काम दुसऱ्याने करावे. मुख्य म्हणजे रोज दोन वेळा दोरीला बांधलेल्या चिंधीने मांजराशी खेळावे. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालकांनी रोज पाच-दहा मिनिटे असा खेळ घेतला, तेव्हा मांजरांनी घरी आणलेली शिकार चतुर्थांशाने कमी झाली. गळ्यातल्या घंटीचा मात्र त्या अभ्यासात ठोस परिणाम दिसला नाही. तेव्हा घंटी बांधून निश्चिंत होणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये.

रेबीजची आणि इतर लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी, तसेच नसबंदी करावी. नसबंदीमुळे मांजराची बाहेर पडण्याची तळमळ पुष्कळ ओसरते. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशींना अपाय करतात. जैन स्वयंपाकघरात तो धोका सहसा नसतो. पण तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते, हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष जैन वाचकाला अस्वस्थ करील. ज्या मांजरांना भरपूर मांस असलेले, धान्यविरहित खाद्य दिले, त्यांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली. म्हणजे एका जीवाचे रक्षण दुसऱ्या जीवाच्या मांसाशी बांधलेले आहे. हा पेच नवा नाही. श्वेतांबर परंपरेत श्रीशांतिनाथ प्रभूंच्या पूर्वभवाची, मेघरथ राजाची कथा सर्वांना परिचित आहे. भयभीत कबूतर राजाच्या आश्रयाला आले. मागोमाग आलेल्या ससाण्याने आपले भक्ष्य मागितले. कबुतराला वाचवून त्याला उपाशी मारणे हीही हिंसाच, असा त्याचा युक्तिवाद होता. राजाने त्याला हाकलून लावले नाही, वा कबूतरही सोडले नाही. त्याने तराजू आणवला आणि एका पारड्यात स्वतःचे मांस कापून ठेवले. संसारी श्रावकाकडून तेवढी अपेक्षा कोणी करणार नाही. पण ससाण्याचा प्रश्न राजाने टाळला नाही, ही त्या कथेची शिकवण सामान्य घरालाही लागू पडते. दयेची किंमत असते आणि ती दया करणाऱ्याने मोजायची असते.

आज ती किंमत मोजण्याचे मार्ग मोजके आहेत. वनस्पतिजन्य घटकांपासून बनवलेले आणि कारखान्यात तयार झालेले कृत्रिम टॉरिन व इतर पोषके मिसळलेले मांजरांचे खाद्य अस्तित्वात आहे. ते दिलेल्या मांजरांच्या मालकांनी केलेल्या नोंदी काही पाहण्यांत अनुकूल आढळल्या. तरीही अनेक पशुवैद्य याबाबत सावध आहेत, कारण मालकाला न दिसणारा बिघाड तपासणीतच कळतो. म्हणून असे खाद्य द्यायचे, तर ते मांजरासाठी परिपूर्ण असल्याचे वेष्टनावर नमूद असावे. घरी शिजवलेल्या खिचडीने ते काम भागत नाही. मांजराचे डोळे, हृदय आणि लघवी यांची नियमित तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी आणि प्रकृती ढासळताना दिसल्यास हट्ट सोडावा. भगवान महावीरांच्या पूर्वभवातील सिंहाने मुनींच्या उपदेशाने हिंसा सोडली, असे दिगंबर पुराणे सांगतात. पण ती त्याने स्वतः सोडली. व्रत घ्यायचे असते. ते दुसऱ्याच्या वाटीत घालता येत नाही.

ज्या कुटुंबाला हा प्रयोग करवत नाही आणि मांसयुक्त खाद्याला घरात थाराही देववत नाही, त्याने मांजरासाठी दुसरे प्रेमळ घर शोधावे. त्यात कमीपणा नाही. पोत्यात घालून रात्री दूरच्या वस्तीत सोडून येणे मात्र दया नव्हे. सोडलेले मांजर परक्या हद्दीत उपाशी भटकते, कुत्र्यांच्या तावडीत सापडते आणि जगलेच तर शिकारीवरच जगते. शिवाय भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला निष्कारण टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे गुन्हा आहे. आजींचा संताप समजण्यासारखा असला, तरी त्यांचा उपाय धर्मातही बसत नाही आणि कायद्यातही.

व्यापारी घरांनी आणखी एका दाराचा विचार करावा. ते दार गोदामाचे. जुन्या मोंढ्यात काय किंवा जाधववाडीच्या बाजार समितीत काय, पोत्यांच्या थप्पीत उंदीर होऊ नयेत म्हणून मांजराला थारा देणे ही जुनी वहिवाट आहे. हेमचंद्राचार्यांनी धनासाठी केलेल्या पोषणाचा जो निषेध केला, तो घरातील लळ्याच्या मांजरापेक्षा या मांजराला अधिक लागू पडतो. येथे मांजर हे श्रावकाच्या हातातील हत्यारच ठरते. धान्याचे रक्षण इतर उपायांनीही होते. पेन्सिलीच्या जाडीएवढ्या फटीतून उंदराचे पिल्लू आत शिरते, म्हणून दाराखाली पत्र्याची पट्टी आणि नळांच्या भोकांभोवती सिमेंट लावावे. पोती जमिनीला व भिंतीला न टेकवता लाकडी फळ्यांवर रचावी, सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडून घ्यावे. शिरलाच एखादा उंदीर, तर पिंजऱ्यात धरून दूर सोडावा. या कामाला मांजरापेक्षा श्रम जास्त पडतात. यतना म्हणतात ती हीच.

ज्या घरात अजून मांजर आलेले नाही, त्याची वाट सर्वांत सोपी आहे. पिल्लू उंबरठ्यात म्याव करते तेव्हा नातवंडांच्या डोळ्यांत पाणी येते आणि मोठ्यांचे मन विरघळते. त्याच क्षणी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्न विचारावे. याला पुढील पंधरा वर्षे कोण सांभाळणार? याच्या वाटीत काय पडणार? आणि गच्चीवरच्या परळाचे काय? यांची उत्तरे मिळत नसतील, तर त्या पिल्लाला ऊब द्यावी, त्याच्यावर औषधोपचार करावे आणि चांगले घर मिळेपर्यंत त्याला सांभाळावे. तेवढी जीवदयाही पुरेशी आहे. गल्लीतील बेवारस मांजरांची नसबंदी करवून घेण्यासाठी सोसायटीने वा मंडळाने खर्च उचलला, तर पुढे उपाशी मरणारी कितीतरी पिल्ले जन्मालाच येणार नाहीत. पर्युषणात जीवदयेसाठी निघणाऱ्या रकमेतून एवढा भाग वेगळा काढणे अवघड नाही.

आणि जिथे मांजर आहेच, त्या घरात नातीने गॅलरीची जाळी मागून घ्यावी, वडिलांनी पशुवैद्याची तारीख वहीत लिहावी आणि आईने दुधाच्या वाटीऐवजी योग्य खाद्याचा विचार करावा. आजींनी गच्चीवरचे परळ पूर्वीप्रमाणेच भरावे. फक्त गच्चीचे दार आतून लावलेले आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.